कोनाडा मागावा, वाडा मागू नये

मागील अंकात ‘माइनक्राफ्ट’ या खेळात वाडा कसा उभारावा याविषयी एक छोटे टिपण आम्ही छापले होते आणि खेळात नसलेले सजावटीचे ब्लॉक निर्मात्यांना सुचवता येतात, असे एक वाक्य त्याच्या शेवटी जाता जाता लिहिले होते. टिपणाविषयी दोनच पत्रे आली, त्या एका वाक्याविषयी मात्र गठ्ठाभर. त्यांतील निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. ज्यांच्या घरी हा खेळ पोहोचलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरे, की स्टॉकहोममधील मोजांग या स्टुडिओचा हा खेळ २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आला. त्यातील जग एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशा घनाकृती ब्लॉकचे बनलेले असते आणि ब्लॉकच्या प्रत्येक बाजूवरचे चित्र, ज्याला टेक्स्चर म्हणतात, आडव्या १६ आणि उभ्या १६ पिक्सेलांतच बसवलेले असते. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न या १६ च्या आकड्यापाशी येऊन अडतात.

प्रश्न : आम्ही मित्रांनी मिळून खेळात शनिवारवाडा बांधायला घेतला आहे. बांधताना जे ब्लॉक सापडले नाहीत त्यांची यादी केली, ती चौदा झाली. त्यात खिळ्यांचा दरवाजा, कोनाडा, कडीपाट, सुरूचा खांब, तुळशीवृंदावन, कारंजे, मंगलोरी कौल वगैरे आहे. ही यादी ‘पुणेरी वाडा संच’ या नावाने निर्मात्यांना पाठवावी असे मला वाटते. मित्र म्हणतात, ती कोणी वाचणारही नाही. कोणाचे बरोबर?
(इयत्ता नववीतील वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : मित्रांचे बरोबर आहे, पण त्यांना वाटते त्या कारणासाठी नव्हे. निर्मात्यांचा पहिलाच नियम असा आहे, की एका सूचनेत एकच कल्पना असावी. सूचना इतर खेळाडूही वाचतात आणि तिला आपले मत देतात. ज्याला तुझा कोनाडा आवडला पण खिळ्यांचा दरवाजा आवडला नाही, त्याने चौदा कलमांच्या यादीला मत द्यावे तरी कसे? तेव्हा यादी वहीत राहू दे आणि तिच्यातील एकेक कलम चाळणीत घाल.

पहिली चाळणी ही, की आज खेळात असलेल्या ब्लॉकमधून ती वस्तू बनते का. तुळशीवृंदावन बनते. दगडी विटा, चारी बाजूंनी स्लॅब, म्हणजे अर्ध्या उंचीचे ब्लॉक, वर कुंडी आणि कुंडीत रोप, एवढ्यावर काम भागते. कारंजेही पाणी आणि स्लॅब यांतून बनते. ही दोन कलमे यादीतून गेली. मंगलोरी कौलाची मागणी खरे तर रास्त आहे, कारण खेळात टेराकोटाच्या पायऱ्या किंवा स्लॅब नाहीत आणि उतरते छप्पर पायऱ्यांच्या ब्लॉकवाचून नीट होत नाही. तथापि शनिवारवाड्यासाठी हे कौल मागू नकोस. वाडा १७३२ मध्ये बांधून झाला आणि १८२८ च्या आगीत जळाला, तर मंगलोरी कौल १८६५ मध्ये बाझल मिशनच्या मंगळूर येथील कारखान्यात प्रथम निघाले. पेशव्यांच्या डोक्यावर ते कधीच नव्हते. सुचवायचेच असेल तर नळीचे कौल सुचव, ज्याचा अर्धगोल उंचवटा सोळा पिक्सेलांतही ओळखू येतो.

खिळ्यांच्या दरवाजाचे गणित तू स्वतः करून पाहा, कारण ते मनोरंजक आहे. दिल्ली दरवाजाच्या प्रत्येक फळीवर नऊ गुणिले आठ अशा मांडणीत ७२ अणकुचीदार खिळे आहेत. खेळातील दार १६ पिक्सेल रुंद आणि ३२ पिक्सेल उंच असते. आठ खिळ्यांच्या ओळीत प्रत्येक खिळ्याला एक पिक्सेल आणि त्याच्या शेजारच्या फटीला एक पिक्सेल दिला, तर बरोबर १६ भरतात. कागदावर हिशेब जमला म्हणून आनंद होतो, पण खेळात दहा पावलांवरून तो दरवाजा नाही, मच्छरदाणी दिसते. खिळ्यांच्या चारच ओळी घेऊन प्रत्येक खिळा दोन पिक्सेलांचा केला आणि त्याच्या खाली सावलीचा एक गडद पिक्सेल ठेवला, तर खिळ्यांची संख्या चुकते, पण दरवाजा दिल्ली दरवाजासारखा दिसतो. सोळा पिक्सेलांत मोजदाद करू नये, ठसा उमटवावा.

आता कोनाडा. तुझ्या चौदा कलमांतील मला सर्वांत मोलाचे कलम हेच वाटते. खेळातील भिंत ही भरीव घनांची रांग असते. तिच्यातील एक घन काढला, तर एक मीटर खोल भगदाड पडते आणि त्याला कोनाडा म्हणणे हे हौदाला फुलपात्र म्हणण्यासारखे आहे. खरा कोनाडा भिंतीच्या जाडीत दडलेला असतो, वीतभर खोल, वर महिरप आणि महिरपीला पणतीची काजळी. आहे त्या ब्लॉकांतून तो बनत नाही. शिवाय ज्या खेळाडूने पुणे नकाशातही पाहिलेले नाही त्यालाही तो लागतो, कारण भिंतीतील असा खळगा मोरोक्कोतील घरात असतो, चर्चमध्ये असतो आणि तळघरातही असतो. हीच दुसरी चाळणी. वाडा आपला आहे, पण वाड्याचा सुटा भाग सर्वांच्या उपयोगाचा असू शकतो, आणि सूचना त्या सुट्या भागाची करावी. म्हणून नावात ‘पेशवेकालीन’ हा शब्दही घालू नकोस.

एक अडचण आधीच ध्यानात घे. खेळात एका घनाच्या जागी साधारणपणे एकच ब्लॉक राहू शकतो, त्यामुळे कोनाड्याच्या पोकळीत मेणबत्तीचा दुसरा ब्लॉक ठेवता यावा अशी मागणी केलीस, तर जाणकार वाचक तेथेच थांबेल. त्याऐवजी पूर्वीचे दाखले दे. २०२३ मध्ये आलेल्या पुस्तकांच्या नक्षीदार कपाटात सहा पुस्तके ठेवता येतात आणि ती बाहेरून दिसतात. २०२५ मध्ये आलेल्या लाकडी फळीवर तीन वस्तू मांडता येतात. वस्तू ब्लॉकच्या आत राहून दिसते, ही सोय नवी नाही. दगडात आणि मातीत ती नाही, एवढेच तुला म्हणायचे आहे. मसुदा साधारण असा होईल :

‘दगडी विटांच्या आणि मातीच्या विटांच्या भिंतीत बसणारा कोनाडा असावा. त्याचे तोंड आठ पिक्सेल रुंद व दहा पिक्सेल उंच, खोली आठ पिक्सेल. आत एक वस्तू ठेवता यावी व ती समोरून दिसावी. उरलेल्या पाच बाजू त्या त्या विटांसारख्याच असाव्यात, म्हणजे भिंत सलग दिसेल.’

दोनच प्रकार लिहिले आहेत हे लक्षात आले असेल. प्रत्येक दगडासाठी कोनाडा मागितला, तर एका ब्लॉकचे वीस ब्लॉक होतात आणि सूचना त्या ओझ्यानेच बुडते. मातीच्या विटा मी मुद्दाम घेतल्या आहेत. २०२२ मध्ये त्या खेळात आल्या, त्यांच्यासाठी चिखलात गहू मिसळावा लागतो आणि मातीत भुसा तुडवून भिंती घालणाऱ्या आपल्या गावांना ती कृती सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : मी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खेळात माजघराची पडदी भिंतही एक मीटर जाडीची होते, त्यामुळे आतली जागा खाऊन जाते. उभा स्लॅब सुचवावा असे मनात आहे. तसेच कडीपाटासाठी ब्लॉक सुचवायचा झाल्यास त्याची मापे कशी ठरवावीत?
(विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर : उभा स्लॅब सुचवण्यात वेळ घालवू नये. ही मागणी फार जुनी आहे आणि उभ्या स्लॅबमुळे खेळाडूंची कल्पकता वाढण्याऐवजी आखडेल, अशी भूमिका घेऊन निर्मात्यांनी ती नाकारलेली आहे. आडवा अर्धा ब्लॉक चालतो आणि तोच उभा केला की चालत नाही, हे तर्कट मला स्वतःला पटलेले नाही, पण बंद दारावर पुनःपुन्हा डोके आपटण्यात अर्थ नाही. आपल्या हातात असलेल्या पातळ वस्तू मात्र मोजून ठेवाव्यात. गालिचा एक पिक्सेल जाडीचा असतो, झडपेचे दार तीन पिक्सेल, कुंपणाचा खांब चार आणि दगडी कठड्याचा खांब आठ पिक्सेल. झडपेची दारे उघडून उभी लावली, की पडदी भिंत बऱ्यापैकी साधते.

कडीपाटाची सूचना मला आवडली. खेळाडू ज्या छताकडे मान वर करून क्वचितच पाहतात, ते छत पाहण्याजोगे करणारा हा ब्लॉक आहे. वर पाट आणि खाली ठरावीक अंतरावर कड्या, असा तो असावा. कडी चार पिक्सेल रुंद घेतली आणि दोन कड्यांमध्ये चार पिक्सेलांचे अंतर ठेवले, तर एका ब्लॉकमध्ये दोन कड्या बसतात. आता खरा प्रश्न सांध्याचा आहे. पहिली कडी ब्लॉकच्या काठापासून सुरू केली, तर सलग रांगेत काही बिघडत नाही, पण खोलीच्या एका भिंतीला कडी चिकटते आणि समोरच्या भिंतीशी फट राहते. त्याऐवजी दोन्ही काठांना दोन-दोन पिक्सेल मोकळे सोडावेत. शेजारच्या ब्लॉकचे दोन मिळून मधले अंतर बरोबर चार होते, दोन्ही भिंतींशी सारखीच जागा सुटते आणि ब्लॉक उलटा फिरवून बसवला तरी कड्यांची ओळ मोडत नाही. खेळातील ओंडका आडवा ठेवताना दोन दिशांना वळतो, तशाच दोन दिशा याला पुरेत. खांबाखांबांतील खण मोजून घर बांधणाऱ्या सुतारालाही हा हिशेब ओळखीचा वाटेल. सूचनेसोबत एका ब्लॉकचे चित्र कधीच पाठवू नये, तीन गुणिले तीन अशा नऊ ब्लॉकच्या छताचे चित्र पाठवावे. सजावटीच्या ब्लॉकची पारख त्याच्या शेजाऱ्यांवरून होते.

प्रश्न : आमचे घर तांबट आळीजवळ आहे. नातवाच्या खेळात तांब्याचे ठोकळे आहेत आणि ते हळूहळू हिरवे पडतात, हे पाहून गंमत वाटली. पण त्या तांब्यावर मठार, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, कोठेच दिसत नाही. मठारकामाचा ठोकळा सुचवता येईल का? आणि कल्हईचा?
(ज्येष्ठ वाचक, कसबा पेठ)

उत्तर : मठारकामाचा नक्की सुचवता येईल, आणि या गठ्ठ्यातील ही सूचना मला पहिल्या दोनांत ठेवावीशी वाटते. खेळात तांबे २०२१ मध्ये आले. त्याच्या ब्लॉकला चार अवस्था आहेत. कोरे तांबे तीन टप्प्यांनी हिरवे होत जाते, त्यावर मधाच्या पोळ्याचे मेण चोळले की आहे त्या अवस्थेत थांबते आणि कुऱ्हाडीने खरवडले की एक टप्पा मागे येते. २०२४ मध्ये कोरीव तांबे आणि तांब्याची जाळी यांची भर पडली. ठोकलेले तांबे मात्र राहून गेले आहे.

टेक्स्चर रेखाटताना नातवाला एक गोष्ट दाखवावी. आपल्या घरातील मठारलेला तांब्या किंवा घंगाळे खिडकीशी नेऊन उन्हात धरावे आणि एकाच ठोक्याकडे बोट करावे. ठोक्याच्या खळग्याची उजेडाकडची कड काळसर दिसते आणि पलीकडची कड चमकते, कारण पृष्ठभाग आत गेलेला असतो. हे उलटे रंगवले तर तो ठोका राहत नाही, पुटकुळी होते. चार गुणिले चार पिक्सेलांचा एक ठोका धरला, तर एका बाजूवर सोळा ठोके बसतात. ते काटकोनात ओळीने मांडल्यास न्हाणीघरातील टाइल्ससारखे दिसतात, म्हणून एकाआड एक ओळ दोन पिक्सेलांनी सरकवावी. तांबटाचे ठोकेही एकाखाली एक पडत नाहीत, वरच्या दोन ठोक्यांच्या सांध्याखाली खालचा पडतो.

सूचनेची किंमतही लिहावी. चार अवस्था आणि त्या प्रत्येकीचे मेण लावलेले रूप मिळून मठारलेल्या तांब्याचे आठ ब्लॉक होतात. पायऱ्या आणि स्लॅबही मागितले तर चोवीस. आपण आठांवर थांबावे. मठारल्याने भांड्याचा पत्रा कडक होतो हे आपण जाणताच. खेळात त्याचा उपयोग नाही, पण सूचनेच्या पहिल्या ओळीत हे कारण दिल्यास नक्षी उगाच काढलेली नाही हे वाचणाऱ्याला समजते.

कल्हईचे जमणार नाही. कल्हईला कथील लागते आणि या खेळात कथील हा धातूच नाही. एका सजावटीच्या ब्लॉकसाठी नवा धातू, त्याची खाण आणि त्याची भट्टी मागणे म्हणजे नथीसाठी नाक टोचण्याऐवजी नवे नाकच मागणे होय. ताक कळकू नये म्हणून आपण कल्हई लावतो, तांबे हिरवे पडू नये म्हणून ते मेण लावतात, एवढ्या साम्यावर तूर्त समाधान मानावे.

प्रश्न : खेळात सागवान का नाही? सूचना पाठवू का?
(वाचक, हडपसर)

उत्तर : बांबू आणि नेदर या पाताळातील दोन जाती धरून खेळात लाकडाच्या बारा तऱ्हा झाल्या आहेत. नवे लाकूड म्हणजे एक ब्लॉक नव्हे. त्यासाठी झाड, पाने, रोप, ओंडका, सोललेला ओंडका, फळ्या, पायऱ्या, स्लॅब, कुंपण, फाटक, दार, झडप आणि पाटी असा सारा गोतावळा लागतो, शिवाय ते झाड उगवेल असे रान. रंगाच्या छटेखेरीज सागाचे वेगळेपण सांगता येत नसेल, तर पाठवू नये.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. तो तासन्‌तास चौकटीच्या वहीत ब्लॉकची चित्रे काढतो. कागदावर ती सुरेख दिसतात, पण खेळात घातली की चिखल झाल्यासारखी दिसतात आणि तो हिरमुसतो. मला यातले काही कळत नाही. त्याला काय सांगू?
(एक आई, कोथरूड)

उत्तर : त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली म्हणजे रंग कमी करावेत. आपण पाठवलेल्या नमुन्यात एका विटेला अकरा छटा वापरलेल्या आहेत. कागदावर चौकट सेंटिमीटरभर मोठी असते, म्हणून त्या निरनिराळ्या दिसतात. पडद्यावर त्या एकमेकींत मिसळतात. एका ब्लॉकला पाच किंवा सहा छटा, आणि त्यांतील सर्वांत फिकी व सर्वांत गडद छटा अगदी मोजक्या ठिकाणी, एवढे बंधन त्याने महिनाभर पाळून पाहावे.

दुसरी गोष्ट आपल्याला त्याच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. ठिपक्यांची रांगोळी काढताना एका भागाची रेघ जेथे संपते तेथूनच शेजारच्या भागाची रेघ सुरू व्हावी लागते. ब्लॉकच्या डाव्या काठाचे पिक्सेल आणि उजव्या काठाचे पिक्सेल एकमेकांशी असेच जुळले पाहिजेत, वरचे आणि खालचेही. त्याच्या चित्रातील फूल बरोबर मधोमध आहे, त्यामुळे भिंत भरली की फुलांची पलटण उभी राहिल्यासारखे होते. डेक्कनवरील जुन्या बंगल्यांतील सिमेंटच्या रंगीत फरश्या त्याला एकदा दाखवून आणाव्यात. त्यांत एका फरशीवर फुलाचा पाव भागच असतो आणि चार फरश्या वळवून लावल्या की फूल पूर्ण होते. खेळात २०१७ पासून असलेला झिलईदार टेराकोटा हेच करतो, त्याच्या सोळा रंगांत सोळा नक्षी आहेत. म्हणून फुलांच्या फरशीची सूचना निर्मात्यांकडे पाठवण्यात हशील नाही, सरावासाठी मात्र ती उत्तम आहे.

प्रश्न : मी शाळेत संगणक शिकवतो. निर्मात्यांनी सूचना घेतलीच नाही, तर मुलांनी आखलेले ब्लॉक प्रत्यक्षात आणण्याचा काही मार्ग आहे का? शाळेकडे यासाठी पैसे नाहीत.
(शिक्षक, औंध)

उत्तर : मार्ग तीन आहेत, पण आपल्यासाठी तिसराच योग्य. पहिला म्हणजे रिसोर्स पॅक. त्याने आधीच्या ब्लॉकचे रूप बदलते, नवा ब्लॉक मिळत नाही. दुसरा म्हणजे ‘बेडरॉक’ या माइनक्राफ्टच्या मोबाइल व विंडोजवरील आवृत्तीतील अ‍ॅड-ऑन. त्यातून नवे ब्लॉक करता येतात, परंतु खेळ विकत घ्यावा लागतो. तिसरा म्हणजे ‘लुआंटी’. पूर्वी ‘माइनटेस्ट’ या नावाने ओळखला जाणारा हा मुक्त आणि विनामूल्य खेळमंच आहे, २०२४ मध्ये त्याने नाव बदलले. त्यातील प्रत्येक ब्लॉक लुआ या सोप्या संगणकीय भाषेतील काही ओळींनी नोंदवलेला असतो आणि बेताच्या जुन्या संगणकावरही तो चालतो. आपली सूचना नाकारली गेली तर वाईट वाटते हे खरे, पण सूचना नीट मोजून लिहिलेली असेल तर येथे तिचा मसुदाच जवळजवळ कृती होतो.

सदाशिव पेठेतील वाचकाचा वर दिलेला कोनाडा पहिल्या तासाला घ्यावा. लुआंटीत घनाचा मध्यबिंदू शून्य धरतात आणि प्रत्येक बाजू उणे अर्ध्यापासून अधिक अर्ध्यापर्यंत जाते, म्हणजे एक पिक्सेल ०.०६२५ एवढा. फळ्यावर चौकोन आखून मुलांना विचारावे, की मधोमध पोकळी असलेला हा ब्लॉक किती भरीव तुकड्यांनी बनेल. बहुतेक मुले चार म्हणतील, कारण पाठीमागची भिंत त्यांना दिसत नाही. मागे पूर्ण आकाराचा आठ पिक्सेल जाडीचा तुकडा, पुढच्या अर्ध्यात डावीकडे आणि उजवीकडे चार-चार पिक्सेलांच्या दोन उभ्या पट्ट्या, खाली तीन पिक्सेलांचा उंबरा आणि वर तीन पिक्सेलांची पट्टी, असे पाच तुकडे होतात आणि मध्ये आठ गुणिले दहाची पोकळी उरते. महिरप हवी असेल, तर पोकळीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन-दोन पिक्सेलांचे आणखी दोन तुकडे घालावेत. आत वस्तू ठेवण्याची सोय दुसऱ्या तासाला घ्यावी, तिला थोडा अधिक कोड लागतो.